एल्वीच्या पाठीपुढे माझी माघार

माझ्या राठ केसांकडे पाहून हसू नका, मित्रांनो. मी अंग घासायचा एक जुना ब्रश आहे. बर्चच्या लाकडाची पाठ आणि घोड्याच्या शेपटीचे केस, असा माझा जन्म. ज्या म्हाताऱ्याने मला बांधले, त्याने आधी स्वतःच्या टकलावरून मला फिरवले, मोठ्याने ओरडला आणि मग समाधानाने विक्रीला ठेवले.

मला घेतले ते हिल्काने. फिनलंडमधल्या टाम्पेरे शहरातल्या एका सार्वजनिक सौनात, म्हणजे वाफेच्या स्नानगृहात, ती लोकांना न्हाऊ घालण्याचे काम करीत असे. लोक वाफेच्या खोलीत लालबुंद होईपर्यंत बसत आणि मग बाकावर पालथे पडून स्वतःला तिच्या हवाली करीत. एकतीस वर्षे आम्ही गिरणीकामगार घासले, पाद्री घासले, मुख्याध्यापिकाही घासल्या. "जे जात नाही, ते नीट घासलेलं नाही," असे हिल्का म्हणे, आणि मी ते शास्त्रवचन मानत असे. एक ट्रकवाला दर शनिवारी उठताना म्हणायचा, "हिल्का, आज नवीन कातडं घालून चाललो बघ!" अशा कौतुकाने कोणता ब्रश फुगणार नाही?

पुढे तो सौना बंद पडला. हिल्काच्या न्हाणीघरातल्या खिळ्यावर मी लटकलो आणि माझ्या वाट्याला तिच्या टाचा तेवढ्या उरल्या.

अशात तिची भाची एल्वी हिचे लग्न ठरले. लग्नाआधीच्या शनिवारी मैत्रिणी भांडी बडवीत नवरीला सौनात नेतात, मीठ चोळून न्हाऊ घालतात आणि तिला जुन्या प्रियकरांची नावे तळ्याकडे तोंड करून ओरडायला लावतात, म्हणजे ते पुन्हा आठवत नाहीत. "नवरीला मीच न्हाऊ घालणार," हिल्काने जाहीर केले. मी खिळ्यावर शहारलो.

एल्वी मात्र घाबरली होती. तीन वर्षांपासून तिला सोरायसिस होता. कोपरे, गुडघे, पाठ, सगळीकडे लाल चट्टे आणि त्यांवर पांढरे पापुद्रे. तेव्हापासून ती मैत्रिणींबरोबर सौनात बसलेली नव्हती. कधी पाय मुरगळलेला असे, कधी मांजर आजारी. मांजर ठणठणीत होते. पण आता स्वतःच्याच न्हाणाला कशी गैरहजर राहणार?

बुधवारी ती आली. हिल्का दुकानात गेली होती. एल्वीने मला खिळ्यावरून काढले, न्हाणीघराची कडी लावली आणि दात-ओठ खाऊन घासू लागली. खरे सांगतो, मित्रांनो, मला अभिमान वाटला. पापुद्रे भराभर गळत होते. मला वाटले, जिंकलो! गुरुवारी, शुक्रवारी ती पुन्हा आली. शुक्रवारपर्यंत तिची पाठ निखाऱ्यासारखी झाली, आणि जिथे चट्टे नव्हते तिथेही उठू लागले.

शनिवारी मैत्रीण इन्केरी तळ्याकाठच्या आपल्या सौनात आणखी तिघींसह आत बसून भांडी बडवीत होती. एल्वीने कपडे बदलायच्या खोलीत स्वतःला कोंडून घेतले.

"मला सर्दी झालीय!"

"गेल्या वेळी मांजराला झाली होती, तीच का?" इन्केरी आतून ओरडली.

बादलीत मला आणि मिठाची पिशवी घेऊन हिल्का दाराशी गेली. "उघड गं. मी आहे."

दार उघडले. ऐन जूनमध्ये एल्वी लोकरी कोट घालून बसली होती. तिने तो खाली सरकवला. हिल्काने पाठ पाहिली.

"कशानं घासलंस?"

एल्वीने माझ्याकडे पाहिले. मग हिल्कानेही पाहिले. बादलीला तळ नसता तर बरे झाले असते.

"दवाखान्यातल्या नर्सनं काय सांगितलं होतं?"

"घासायचं नाही. कोमट पाणी, बिनवासाचा साबण, टॉवेलनं टिपायचं आणि लगेच मलम."

"मग?"

"मग काय! जे जात नाही ते नीट घासलेलं नाही, असं लहानपणापासून कोण सांगतंय? म्हटलं, नर्सपेक्षा मावशीला जास्त कळतं."

हिल्का बाकावर बसली. "एकतीस वर्षं लोक ओरडायचे गं. मला वाटायचं, सुख वाटतंय." मग हलक्या आवाजात म्हणाली, "हा मळ नाहीये, एल्वी. मळ असता तर मी कधीच काढला असता. मलम आणलंयस?"

"माझ्या पिशवीत आहे. तळाशी."

हिल्काने बादली उचलून बाहेर पायरीवर ठेवली. "मुलींनो, आज मीठ नाही! आणि तापल्या दगडांवर पाणी बेतानं टाका, नवरी शिजवायची नाहीये!"

"त्या बघतील, मावशी."

"बघू देत. इन्केरीच्या पाठीवर काय कमी तीळ आहेत? मोजायला एक शनिवार पुरायचा नाही."

"मला ऐकू येतंय!"

"यायलाच हवं!"

एल्वी आत गेली. उघड्या दारातून मला सगळे दिसत होते. क्षणभर भांडी थांबली.

"लागण होते का याची?" इन्केरीने विचारले.

"नाही होत," एल्वी म्हणाली. तीन वर्षांत पहिल्यांदाच मोठ्याने.

"मग उभी काय? बस की! सरका गं, तिला जागा द्या!"

हिल्काने तळहातांनीच तिला न्हाऊ घातले, टिपले आणि मलम मागवले. चौघींनी ते इतके फासले, की नवरी बाकावरून घसरून दोनदा खाली आली. तळ्याकाठी तिने दोनच नावे ओरडली.

"एवढीच?" इन्केरी चिडली.

"बाकीच्या वेळी मांजर आजारी होतं ना!"

चट्टे लग्नापर्यंत गेले नाहीत. लग्नात एल्वी आखूड बाह्यांचा झगा घालून नाचली. हल्ली मी इन्केरीच्या सौनातले लाकडी बाक घासतो. लाकूड ओरडत नाही.

तेव्हा, मित्रांनो, तुमच्या त्वचेशी लढायला मला उचलू नका. पाणी कोमट घ्या, टॉवेलने नुसते टिपा, डॉक्टर किंवा नर्स सांगतील ते मलम लावा. आणि पाठीपर्यंत हात पोहोचला नाही, तर दार उघडून कोणाला तरी हाक मारा.