शांतादेवीची नोंद

शिवांजली मगदूम करंजघोळला ग्रामसेविका म्हणून रुजू झाली, तेव्हा गावानं तिला दोन गोष्टी विचारल्या. लग्न झालंय का, आणि गडहिंग्लजची पोरगी एवढ्या डोंगरात कशाला आली. पहिलीला तिनं नाही म्हणून सांगितलं. दुसरीचं उत्तर तिलाही ठाऊक नव्हतं. नेमणुकीचा आदेश आला आणि ती मलकापूरच्या एसटीत बसली, इतकंच.

साल २००२. लग्नांची नोंदणी ग्रामसेवकाकडे येऊन थोडीच वर्षं झाली होती. नवी लग्नं तर नोंदवाच, जुनी राहिलेलीही नोंदवून घ्या, असा शाहूवाडीच्या तालुका कचेरीतून सारखा तगादा असे. गावात मात्र कुणालाच त्याचं काही नव्हतं. "नातवंडं शाळंत जात्यात की बाई, आता लग्नाचा कागद कुनाला दावायचा?" म्हणून बायका तोंडाला पदर लावून हसत. त्यामुळे माघातल्या एका सकाळी एक म्हातारा आपण होऊन कार्यालयात आला आणि "लग्न नोंदवायचं हाय" म्हणाला, तेव्हा तिला बरंच वाटलं.

त्याचं नाव जोतीराम खोत. एसटीत ड्रायव्हर होता, आता निवृत्त. उंच, जरा वाकलेला, डोक्याला स्वच्छ धुतलेली टोपी. शिवांजलीनं कोरा अर्ज पुढं ओढला, वराचा रकाना भरला आणि विचारलं, "वधूचं नाव?"

"शांतादेवी."

"माहेरचं पूर्ण नाव सांगा. वडील, आडनाव, गाव."

"बाळाप्पा मगदूम. गडहिंग्लज."

तिचं पेन थांबलं. बाळाप्पा मगदूम हे तिच्या आजोबांचं नाव. बाजारपेठेतल्या मिरचीच्या अडतीवर अजून त्यांच्या नावाची पाटी होती. आजोबांना एकच मुलगा, म्हणजे तिचे अप्पा. मुलगीही होती असं घरात कधी कुणाच्या तोंडून निघालं नव्हतं.

"तुमचं आडनाव तिला कळलं," म्हातारा म्हणाला. "आमच्या घरची पोरगी आलीया, जावा, म्हनली. म्हनून आलो."

मग त्यानं सगळं सांगितलं. जवानीत त्याची गडहिंग्लजला मुक्कामाची गाडी असायची. स्टँडजवळ अडतीचं दुकान, तिथं पोती मोजायला बसणारी पोरगी. ती लिंगायत, हा मराठा. एका पहाटे ती त्याच्याच गाडीत बसून आली. करंजघोळच्या देवळात चार माणसांसमोर हार घातले. महिन्याभरानं दोघं पाया पडायला गडहिंग्लजला गेली, तर बाळाप्पा दारात आडवे उभे राहिले. लग्नाचा कागद दाखव, मगच उंबरा ओलांड, म्हणाले. मागं तिचा भाऊ उभा होता, तो काही बोलला नाही. कागद कुठून आणायचा? ती दोघं आल्या पावली परत फिरली.

"मग त्या आता कशा आहेत? कार्यालयात येऊ शकतील?"

"ती वारली," जोतीराम म्हणाला. "आठ वर्सं झाली. तापानं गेली. तिच्या लोकांच्या रिवाजानं मातीत बसवली मागच्या वावरात. आमच्यात जाळत्यात, पर तिनं सांगून ठेवलंतं."

शिवांजलीनं अर्ज हळूच बाजूला सारला. "बाबा, मग नोंद होत नाही. दोघं समक्ष हजर लागतात. सही लागते."

"हजर हाय की. दुपारी माजघरात बसती. सही बी करंल." गाडी किती वाजता सुटते ते सांगावं, अशा आवाजात तो हे बोलला. "तुमी उद्या घरी या."

संध्याकाळी तिनं एसटीडी बूथवरून घरी फोन लावला. अप्पांना तिनं एवढंच विचारलं, की शांतादेवी कोण? अप्पा लगेच म्हणाले, "आपलं त्या बाजूला कोणी न्हाय." आणि मग आवाज एकदम खाली आणून त्यांनी विचारलं, "त्यांनी तिला बसवलंय, का जाळलं?"

एवढ्यावरूनच तिला कळलं, की बहीण होती आणि ती गेल्याचंही अप्पांना ठाऊक होतं. निदान आत्याची समाधी बघून यावी, म्हणून ती दुसऱ्या दिवशी निघाली. कार्यालयाची पिशवी मात्र तिनं का घेतली, ते तिला नंतरही सांगता आलं नाही.

खोताचं घर वरच्या वाडीत, भाताच्या रिकाम्या खाचरांच्या कडेला होतं. ऊन चढलं होतं. वाटेत चिमणाबाई नावाची शेजारीण गवताचा भारा टेकवून उभी होती. तिनं विचारलं, "खोताकडं व्हय? मग बिगीनं जावा. सूर्व्या कलला की ती बोलत न्हाय."

दारात जोतीरामाची विधवा बहीण अंबूबाई बसली होती. घराकडे पाठ करून. चूल केव्हाच विझवलेली होती. "बारा वाजायच्या आत मी भाकरी उरकती," ती म्हणाली. "मला तरास न्हाय दिला कदी तिनं. पर आत जाववत न्हाय, बाई. तुमी जावा. तुमचं मानूस हाय."

माजघरात शिरताच पायाला ओल लागली. माघ महिन्यात, साऱ्या डोंगराचं गवत वाळून गेलेलं असताना, तिथली जमीन नुकतीच खणल्यासारखी ओली होती. विभूतीचा वास येत होता. तिच्या आजीच्या अंगाला यायचा तसाच. भिंतीला टेकून एक बाई मांडी घालून बसली होती, दोन्ही हात मांडीवर. शिवांजलीनं आजोबांना बसवताना पाहिलं होतं. अगदी तशीच बैठक. डोक्यावरून पदर, आणि पदराच्या काठाला माती. चेहरा अप्पांचा होता. नाक, हनुवटी, कपाळाचं रुंदपण, सगळं अप्पांचं. फक्त बाईमाणसाचं आणि अप्पांहून कितीतरी तरुण.

"बा यव्वा," बाई म्हणाली. "कुंदर."

ये बाई, बस. करंजघोळात कन्नड कुणी बोलत नव्हतं. शिवांजली बसली. बाईचे ओठ हलत होते, तरी आवाज तोंडातून येत नव्हता. तो खालून येत होता, जमिनीला कान लावल्यावर लांबची गाडी ऐकू यावी तसा.

"अण्णा ह्यांग अदान?" दादा कसा आहे?

"आराम अदार," शिवांजलीनं उत्तर दिलं. ते बरे आहेत. तिचा स्वतःचा आवाज तिला परका वाटला.

बाईची नजर शिवांजलीच्या पिशवीवर होती. पापणी एकदाही लवली नाही. आपण जोवर तो कागद बाहेर काढत नाही तोवर ही अशीच बघत राहणार, आजही आणि उद्याही, हे शिवांजलीला लख्ख कळलं. तिनं अर्ज काढला, पुढं सरकली आणि बाईच्या मांडीवर ठेवला. बोटांत पेन देताना हाताचा हाताला स्पर्श झाला. जमिनीत पुरलेल्या रांजणासारखा थंड हात. पण त्याला पकड होती. पेन सावकाश चाललं. गोल गोल कन्नड अक्षरं उमटली. शिवांजलीचं शिक्षण मराठीत झालेलं. कन्नड तिला बोलता येई, लिहिता-वाचता मुळीच येत नव्हतं.

अंगणातून जोतीराम आत आला आणि बायकोशेजारी, जरा अंतर राखून, मांडी घालून बसला. त्यानं सही केली. मग शिवांजलीनं साक्षीसाठी कागद दारापाशी नेला. अंबूबाईनं पाठमोरीच राहून अंगठा दिला. भारा ठेवून आलेल्या चिमणाबाईनं दिला. देवळातल्या त्या लग्नाला हजर असलेला ज्ञानू सुतार निरोप मिळताच लगबगीनं आला, आत न बघता सही करून निघून गेला.

"मनीगे होगतीनी," आतून आवाज आला.

घरी जाते. एवढं कन्नड जोतीरामाला इतक्या वर्षांत कळू लागलं होतं. त्यानं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि मान फिरवली.

नंतर समाधीपाशी उभं असताना तो म्हणाला, "कागद झाला की ती ऱ्हात न्हाय, मला ठावं हुतं. आठ वर्सं आज करू, उद्या करू म्हनत ठेवून घेतली. जिती हुती तवा बी असंच म्हनायचो. तवा आळस हुता. आता भ्या वाटायचं."

"मग आत्ता का आलात?"

"तुमी आलासा की गावात. तिच्या घरचं मानूस कागद करायला बसलंय, आता तिला काय सांगू?"

कार्यालयात परतल्यावर शिवांजली अर्ज समोर ठेवून बसून राहिली. नियमानं तिला शेवटच्या रकान्यात लिहून द्यायचं होतं, की दोन्ही पक्ष समक्ष हजर होते आणि सह्या आपल्यासमोर झाल्या. ते ती पुनःपुन्हा वाचत राहिली. यातलं खोटं काय? मयताचं लग्न नोंदवलं म्हणून उद्या नोकरी जाईल, हे तिला दिसत होतं. पण नोंद करायची नाही म्हटलं तर तो रकाना रिकामा ठेवावा लागणार, आणि उद्या दुपारी माजघरातली ती नजर. तिनं अनुक्रमांक टाकला, शिक्का मारला. तालुक्याला जायच्या गठ्ठ्यात प्रत लावली. तिथून आजतागायत काही विचारणा आली नाही.

दाखला द्यायला ती सकाळीच गेली. जोतीरामानं तो हातात घेतला नाही. माजघरातल्या कोनाड्यात ठेवा म्हणाला. दुसऱ्या दिवशी अंबूबाई धापा टाकत कार्यालयात आली. कोनाडा रिकामा होता. माजघरातली जमीन पार कोरडी पडली होती, तिला भेगासुद्धा गेल्या होत्या. आणि दादा दुपारभर त्या भेगांपाशी बसून होता, जेवायला उठत नव्हता.

त्याच संध्याकाळी बूथवाल्यानं निरोप आणला. गडहिंग्लजहून फोन होता. आई होती. "तू काय केलंस तिकडं?" एवढंच ती पुनःपुन्हा विचारत होती.

शनिवारी शिवांजली घरी पोचली तेव्हा दुपारच होती. पुढचं दार सताड उघडं होतं. मिरचीच्या खकाण्यानं ज्या घरात येणारा-जाणारा शिंकायचा, तिथं ओल्या मातीचा आणि विभूतीचा वास भरून राहिला होता. आई स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी, माजघराकडे पाठ करून उभी होती. आतून अप्पांचा आवाज येत होता. ते कन्नडमधून अडतीचं सांगत होते, आजीच्या शेवटच्या दुखण्याचं सांगत होते, मध्येच हसत होते, मध्येच थांबून ऐकत होते. त्या थांबलेल्या वेळात जमिनीतून काही यायचं, ते शिवांजलीला तळपायांत जाणवत होतं.

ती आत गेली नाही.

इतक्यात बाहेर अंगणात कुणी चपला काढल्या. जोतीराम होता. मलकापूरहून कोल्हापूर, कोल्हापूरहून गडहिंग्लज, अशा दोन गाड्या बदलून आला होता. पायरीशी येऊन तो थांबला. ज्या उंबऱ्यावरून त्याला एकदा परत फिरवलं होतं, तिथं आता उभं राहून तो आत बघत होता. पाय उचलत नव्हता.

अप्पा बाहेर आले. अप्पांचे डोळे लाल झाले होते.

"या पावणं," अप्पा म्हणाले. "आत या. तुमचीच वाट बघतीया."

जोतीरामानं टोपी नीट केली आणि उंबरा ओलांडला. दोघं माजघरात गेले. दार ओढून घेतल्याचा आवाज आला, आणि मग पुन्हा ते कन्नड बोलणं. आता त्यात एक मराठी आवाज अडखळत मिसळत होता.

आईनं शिवांजलीचा दंड धरला.

"उठून जाणार कधी गं ती?" आईनं विचारलं.

शिवांजलीच्या पायाखालची फरशी हळूहळू गार आणि ओली होत चालली होती.