साळूबाईचं ऐकणारी मोटर

भिंगारच्या शमशेरभाईंना आयुष्यात दोनच गोष्टींचा अभिमान होता. एक त्यांची लेक हुमेरा आणि दुसरा त्यांचा मोबाईल स्टार्टर. दोघांत जास्त लाडकं कोण, हे विचारायची सोय नव्हती, कारण उत्तर देताना ते खोटं बोलायचे आणि हुमेराला ते लगेच कळायचं.

शमशेरभाईंचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान. शेतातली लाईट कधी येईल आणि कधी जाईल याचा नेम नाही, म्हणून घरबसल्या फोनवरून विहिरीवरची मोटर चालू करणारा एक डबा त्यांनी बनवला. डब्याच्या पोटातला प्रोग्रॅम सी भाषेतला, तोही त्यांनीच पुस्तकं उघडून, डोळे फोडून लिहिलेला. शेतकऱ्याचा नंबर डब्यात भरून ठेवायचा. त्या नंबरावरून काहीही मेसेज आला की बंद मोटर चालू आणि चालू मोटर बंद. या ‘काहीही’वर शमशेरभाईंचा फार जीव. शेतकऱ्याला कशाला एबीसीडी पाठ करायला लावायची, असं त्यांचं म्हणणं.

सावरवाडीत काही विहिरींवर हा डबा होताच; आता तिथल्या ग्रामसभेला तो गावातल्या सगळ्या विहिरींवर बसवायचा होता. सावरवाडीत पाण्याची पाळी ग्रामसभा ठरवते. कोणाची मोटर कधी चालेल हे चारचौघांत ठरतं, आणि ते मोडणाऱ्याशी गाव महिनाभर बोलत नाही. त्यामुळे सरपंच बिभीषणरावांनी एकच गोष्ट विचारली होती: परक्या माणसाच्या फोनवरून मोटर चालू होईल का? येत्या रविवारी सभेत उभं राहून शमशेरभाईंनी याचं उत्तर द्यायचं होतं. त्या गावात ‘शमशेरभाऊंनी सांगितलं’ म्हणजे विषय संपला, अशी त्यांची पत. ही पत त्यांनी जपली होती, आणि हुमेराला तीच जपायची होती.

हुमेरा पुण्याच्या एका कंपनीचं काम घरूनच करायची. काम म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेल्या सी प्रोग्रॅममध्ये चोराला शिरता येईल अशी फट शोधायची. त्यासाठी प्रोग्रॅम चालवून बघायचाही नाही. एक टूल तो ओळ न् ओळ वाचतं आणि संशय आला तिथं बोट ठेवतं.

“म्हणजे स्वयंपाक न चाखता नावं ठेवायची,” शमशेरभाई म्हणाले. “हे टूल न्हाई बेटा, ही सासूबाई हाय.”

तेव्हापासून त्या टूलचं नाव सासूबाई पडलं. गुरुवारी हुमेरानं अब्बांचा प्रोग्रॅम सासूबाईंपुढं ठेवला, आणि सासूबाईंनी सासूबाईंसारखीच पानभर गाऱ्हाणी मांडली. त्यातली बहुतेक उगाचची होती. या टूलांचा स्वभावच तसा असतो, दहा वेळा ओरडावं तेव्हा एकदा खरं. हुमेरानं एकेक बाजूला सारलं. शेवटी एक उरलं. आलेला मेसेज अब्बांनी लांबी न मोजता एका खान्यात ओतला होता. त्या खान्यात जागा एकशेसाठ अक्षरांची. आणि त्याला लागूनच एक छोटा खाना, त्यात लिहिलेलं असायचं की मेसेज पाठवणारा ओळखीचा आहे की परका. मेसेज जास्त झाला तर शेजारच्या खान्यात सांडणार, आणि तिथं काहीही सांडलं की परका माणूस ओळखीचा होणार.

त्या ओळीच्या वर अब्बांनी स्वतःच्या हातानं टीप लिहून ठेवली होती: “काळजी नको. मेसेज एकशेसाठपेक्षा मोठा येतच नाही.”

“मग येतो का?” शमशेरभाई म्हणाले. “फोन कंपनीच येऊ देत न्हाई. त्याहून मोठा झाला की तुकडे करून पाठवते. हातच्या काकणाला आरसा कशाला? करून बघ.”

हुमेरानं दुकानातल्या डब्यावर करून पाहिलं. स्वतःच्या फोनवरून, म्हणजे डब्याला परक्या नंबरावरून, इंग्रजी अक्षरांनी काठोकाठ भरलेला मेसेज पाठवला. डबा ढिम्म हलला नाही. शमशेरभाईंनी चहा मागवला, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि सासूबाईंना सलाम सांगितला. हुमेराला बरंच वाटलं, खोटं कशाला बोला. बापाची चूक सापडू नये अशी दुआ करत चूक शोधायची, हे तिच्या धंद्यात बसत नव्हतं, पण तिनं ते केलं. त्या गाऱ्हाण्यापुढं तिनं ‘खोटं’ अशी खूण केली.

रविवारी सभेआधी दोघं सावरवाडीतल्याच साळूबाईच्या वस्तीवर थांबले. साळूबाई म्हणजे शमशेरभाईंचं सर्वांत जुनं गिऱ्हाईक. तिचा नवरा मच्छिंद्र होता तेव्हा त्यानं डबा घेतलेला, डब्यात नंबरही त्याचाच भरलेला. तो गेल्यावरही साळूबाईनं शेत सोडलं नाही. कांदा, गहू, बांधावर चार शेवग्याची झाडं, आणि आल्या-गेल्याला चहा.

“लाईट आली वाटतं,” चहा गाळता गाळता साळूबाई म्हणाली. “पोरी, तुझा फोन दे गं. माझा बंद पडलाय.”

तिनं डब्यातल्या सिमचा नंबर तोंडपाठ सांगितला, मेसेजच्या पाटीवरचं माईकचं चित्र दाबून घेतलं आणि फोन तोंडाशी धरून बोलली, “राम राम लेकरा, लाईट आली हाय, उठ अन् पानी पाज गव्हाला.”

बोललेलं मराठीत लिहिलं गेलं, मेसेज गेला, आणि विहिरीवरची मोटर घरघरून चालू झाली.

हुमेरानं कप खाली ठेवला. तिचा नंबर त्या डब्यात नव्हता. असायचं कारणच नव्हतं.

“साळूबाई,” शमशेरभाई हळूच म्हणाले, “मच्छिंद्रभाऊंचं सिम चालू हाय ना अजून?”

“त्ये कवाच बंद झालं. शेजाऱ्यांच्या फोनवरून लावते की मी. कुनाचा बी फोन असू द्या, माझं ऐकतंय. माया लावली की मशीनीला बी कळतं, शमशेरभाऊ.”

साळूबाई गव्हाकडं गेली. हुमेरानं आपला फोन उघडून तो मेसेज पाहिला, आणि तिला सगळं उलगडलं. इंग्रजी अक्षर एका जागेत मावतं. पण मराठी मेसेज आला की डब्यातला मेसेज पकडणारा मॉडेम एकेका अक्षरासाठी चार-चार चिन्हं पुढं करतो, आणि काना, मात्रा, वेलांटी हेही वेगळं अक्षर धरतो. ‘राम राम लेकरा’पासून ‘गव्हाला’पर्यंत येता येता खाना भरून वाहिला होता. दुकानात तिनं इंग्रजीत तपासलं, तिच्याआधी अब्बांनीही इंग्रजीत तपासलं. दोघांची घरं, गिऱ्हाइकं, भांडणं सगळी मराठीत, पण मशीनशी कोणी मराठीत बोलेल, तेही आधी राम राम करून, हे दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं.

“सासूबाई खरं बोलत होत्या, अब्बा,” ती म्हणाली. “मीच त्यांना गप्प केलं.”

शमशेरभाई बांधावर बसले. त्यांच्या चेहऱ्याकडं बघून हुमेराचा जीव तुटला. सभा तासाभरावर आली होती. गावात कोणाला यातलं काही कळणार नव्हतं. आज ‘होत नाही’ म्हणावं आणि उद्या गुपचूप डबे दुरुस्त करावेत, हे तिच्या मनात आलं. तिनं ते बोलूनही दाखवलं.

“न्हाई,” ते म्हणाले. “ज्या गावात माझा शब्द चालतो, तिथं तो खोटा कसा टाकू?”

सभेत बिभीषणरावांनी तोच प्रश्न विचारला. शमशेरभाई उठले, टोपी नीट केली आणि म्हणाले, “व्हय, हुतं. परक्याच्या फोनवरून मोटर चालू हुती. मला म्हाईत नव्हतं, आज कळलं. माझ्या लेकीनं परवाच सांगितलं हुतं, मी हसण्यावारी नेलं.”

मंडपात चुळबुळ झाली. मागून कोणीतरी म्हणालं, “म्हंजे इतकी वर्सं आमच्या मोटरी उघड्यावरच हुत्या म्हना!” शमशेरभाई मान खाली घालून उभे राहिले. हुमेराला उठून त्यांच्या शेजारी उभं राहावंसं वाटलं, आणि ती राहिलीही.

बिभीषणरावांनी हात वर करून चुळबुळ थांबवली. “दुरुस्त करून पुढच्या सभेला आना,” ते म्हणाले. “पन तपासायचं कुनी? तुमचं तुमी तपासून आम्हाला सांगायचं, हे आता न्हाई चालनार.”

“साळूबाई तपासतील,” शमशेरभाई म्हणाले.

पुढचा महिना बापलेकीनं दुकानात एकमेकांशी भांडत काढला. लांबी मोजल्याशिवाय एक अक्षरही खान्यात शिरणार नाही, असं त्यांनी केलं. खानाही मोठा केला, मराठी मेसेज पुरा मावेल एवढा. मोटर चालू झाल्याचं उत्तर डबा इंग्रजीत द्यायचा, ते मराठीत केलं. सावरवाडीत आधी बसवलेले डबे शमशेरभाईंनी विहिरी-विहिरी फिरून स्वतः बदलले. साळूबाईचा स्वतःचा नंबर मच्छिंद्रच्या जागी भरला. सासूबाई आता त्या ओळीवर काही बोलत नव्हत्या.

सभेच्या दिवशी साळूबाईचा डबा सगळ्यांसमोर एका दिव्याला जोडून टेबलावर ठेवला. साळूबाईनं सरपंचांचा फोन घेतला आणि नेहमीसारखं राम राम घालून बोलली. दिवा लागला नाही. ती पुन्हा बोलली, जरा जोरात. तरी नाही.

“इसरलं व्हय रं मला?” ती डब्याला म्हणाली. तिनं डब्यावर हळूच थाप मारली, आणि मंडपात कोणी हसलं नाही. चोरवाट बुजली म्हणून खूश व्हावं की नाही, हे हुमेराला कळेना.

शमशेरभाईंनी तिचा स्वतःचा फोन तिच्या हातात दिला. ती बोलली. दिवा लागला, आणि फोनवर उत्तर आलं. हुमेरानं ते मोठ्यानं वाचलं: “राम राम साळूबाई. मोटर चालू झाली.”

साळूबाईनं पदरानं डोळे पुसले. मग म्हणाली, “शमशेरभाऊ, खरं सांगा. मी बोलते त्ये समदं त्याला ऐकू जातं का?”

“आता जातं,” शमशेरभाई म्हणाले. “आधी जात नव्हतं. मावंल तेवढं आत जायचं, बाकीचं सांडायचं.”

“अन् मोटर?”

“त्या सांडलेल्यानंच चालू व्हायची, साळूबाई.”

बिभीषणराव पुढचा विषय काढायला घसा खाकरत होते.

“थांबा जरा,” ती म्हणाली. “मच्छिंद्र गेल्यापासून जे जे बोलले त्ये समदं सांडलं म्हंजे. पुन्ना सांगावं लागंल की.”

तिनं माईकचं चित्र दाबलं, फोन तोंडाशी धरला आणि बोलू लागली, आणि तिचं बोलून होईपर्यंत सावरवाडीची ग्रामसभा थांबली.