अंगठ्याएवढी जागा

आधी पाय मापायचा, मग बुटाच्या टोकावर आपला अंगठा दाबून बघायचा, आणि बोटांपुढे अंगठ्याएवढी जागा सापडली तरच जोडी खोक्यात भरायची, हा ताईंचा तीस वर्षांचा नेम. मोठ्यांचे बूट त्यांच्याकडे नावापुरते; दुकान चालायचं ते पोरांच्या पायांवर.

त्या दुपारी तो नेम मोडला. इस्त्रीवाली आपल्या मुलीला घेऊन आली आणि दोन नंबर मोठे बूट मागत बसली.

"अगं, पाय केवढा, बूट केवढा! पडेल ती."

"पडू दे थोडी. तुम्ही लोक आज विक्रीकर वाढवणार ना? उद्यापासून महागच. पुढच्या दोन वर्षांचं आजच घेऊन टाकते."

'तुम्ही लोक' ताईंना चांगलंच झोंबलं. नगरपालिकेच्या सात सभासदांपैकी त्या एक. शाळेसाठी विक्रीकर वाढवायचा ठराव चार वाजता मताला यायचा होता. तिघे बाजूने, तिघे विरुद्ध, आणि सातवं मत ताईंचं. बाजार म्हणत होता, कर वाढला की गिऱ्हाईक पुलापलीकडच्या गावात पळेल. हेडमास्तर म्हणत होता, पैसा आला नाही तर दोन शिक्षक मिळणार नाहीत आणि वरचे वर्ग बंद. आणि हेडमास्तर म्हणजे ताईंचा सख्खा धाकटा भाऊ.

घड्याळात पावणेचार झाले होते. हुज्जत घालायला वेळ कुणाला? त्यांनी बुटांच्या टोकांत कापूस कोंबला आणि जोडी देऊन टाकली. मुलगी हौसेने ती घालूनच निघाली आणि दुकानाच्या पायरीवर धाडकन आपटली. दोन्ही गुडघे फुटले. रडली नाही, ताईंकडे नुसती बघत राहिली.

सभा शाळेच्याच हॉलमध्ये होती. भावाने दारातच गाठलं.

"ताई, मत आपलंच ना?"

"शाळेला पैसा हवा, ते पटतंय मला. पण घेताय कुणाकडून? बंगलेवाला काय आणि इस्त्रीवाली काय, बुटाच्या जोडीवर दोघांना कर सारखाच. त्याच्या ते खिजगणतीतही नाही. हिचा अख्खा आठवडा कोलमडतो."

"बंगल्यांची घरपट्टी वाढवायचा ठराव पडला, तेव्हा होतीस ना तू? आता हाच एक रस्ता उरलाय. आपणही आपल्या दुकानाच्या कमाईवरच शिकलो की."

"तू शिकलास. मी दुकानात बसले."

भाऊ दारातून बाजूला झाला. ताईंनाही वाईट वाटलं, पण शब्द निघून गेला होता, आणि त्यात खोटं काही नव्हतं.

सभा सुरू झाली तशा ताई उभ्या राहिल्या. "कर वाढवा. पण वह्या, औषधं आणि पोरांचे बूट वगळून. तरच माझं मत."

भावाने मागच्या रांगेतून मान हलवली. "मग दोन शिक्षक नाही, एकच मिळेल. विज्ञानाचा. गणिताचा नाही."

"एक तर एक."

विरोधातल्या फर्निचरवाल्याला आयतंच सापडलं. "वा! सूट कुणाच्या मालाला, तर स्वतःच्याच! नाव शाळेचं आणि भलं दुकानाचं!"

हॉलभर हशा पिकला. ठरावाच्या बाजूच्या तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. त्यांच्यातला एक हळूच म्हणाला, "ताई, हे बरं दिसत नाही. बूट तेवढे काढा. नाहीतर आम्हालाही तुमच्यासोबत जाता येणार नाही."

ताईंची कानशिलं तापली. डोळ्यांपुढे ते फुटलेले गुडघे होते, पण हे सांगितलं तर विश्वास कोण ठेवणार? आणि मनात दुकान अजिबात नव्हतं, अशी शपथ त्यांनाही घेता आली नसती. त्याचाच जास्त राग आला.

"लिहून घ्या," त्या कारकुनाला म्हणाल्या. "बूट यादीत राहतील. आणि उद्यापासून मी पोरांचे बूट विकणार नाही. एक जोडीसुद्धा नाही."

हशा जागच्या जागी थांबला. भाऊ अर्धवट उठला. "ताई, मग दुकानात उरतं काय?"

"तू बस खाली."

ठराव चार विरुद्ध तीन मतांनी मंजूर झाला.

दुसऱ्या दिवशी ताई कपाटं रिकामी करत होत्या. माल घाऊक व्यापाऱ्याकडे परत जायचा होता. तेवढ्यात इस्त्रीवाली आली. मुलीच्या दोन्ही गुडघ्यांना पट्ट्या होत्या.

"बदलून द्या ना. पोरांच्या बुटांना करवाढ नाही म्हणे. उगाच घाई केली मी."

ताईंनी मुलीला बसवलं, पाय मापला, बरोबर नंबराची जोडी चढवली, अंगठा दाबून पाहिला.

"पुढच्या वर्षी येतेच," इस्त्रीवाली म्हणाली.

"पुढच्या वर्षी दुसरीकडे जा. पोरांचे बूट बंद केलेत मी."

इस्त्रीवालीला आधी थट्टाच वाटली. मग तिचं लक्ष रिकाम्या फळ्यांकडे गेलं.

मुलगी म्हणाली, "मग अंगठा कोण दाबून बघणार?"

ताईंना एकदम भरून आलं. सभेत आवरलं होतं, इथे आवरेना. त्यांनी पदराने डोळे पुसले, इस्त्रीवालीचा हात धरून खाली बसवलं आणि तिचा चटक्यांनी निबर झालेला अंगठा बुटाच्या टोकावर ठेवला.

"इथे दाब. इतक्या जोरात नाही. लागली जागा?"

"लागली."

"एवढी असेल तरच घ्यायचे. कुणी काही म्हणो. आता दुसरा पाय."