दातांचा आहेर

बुधवारची दुपार म्हणजे चर्चच्या मागच्या हॉलमध्ये आठवणींची दुपार. कोपऱ्यात चहाचं मोठं भांडं उकळत असे, लांब टेबलावर हॅमची सँडविच आणि आल्याचा केक मांडलेला असे, आणि खुर्च्यांवर इंग्लंडमधल्या शेफील्डची ती पिढी बसलेली असे, जिचं लहानपण पोलादाच्या भट्ट्यांच्या धुरात गेलं होतं. निवृत्त शाळामास्तर मिस्टर डंगवर्थ टेपरेकॉर्डरचं बटण दाबत आणि म्हणत, "चला, आज कोण सांगतंय?"

सांगणारे पुष्कळ. शेगडीसमोर पत्र्याच्या टबात, एकाच पाण्यात सगळ्या भावंडांनी केलेली आंघोळ. पावावर चरबी फासून वर भुरभुरलेलं मीठ. ट्रामच्या कंडक्टरला चुकवायच्या युक्त्या. दोरीवर वाळत घातलेले कपडे काजळीनं पुन्हा काळे होत, तेही आता हसून सांगितलं जाई. त्या काजळीनं ज्यांची छाती गेली, ते सांगायला हॉलमध्ये नव्हते. उरलेल्यांच्या आठवणी गोड असायच्याच. पण त्यांवरून शहराचा इतिहास लिहायचा तर लिहिणाऱ्यानं थोडं सावध असावं. मिस्टर डंगवर्थ सावध नव्हते. त्यांना ख्रिसमसच्या आधी पुस्तक काढायचं होतं.

त्या बुधवारी विल्फ हाउस्ली उठला. पोलादाच्या कारखान्यात जन्म गेलेला, रुंद छातीचा, मोठ्या आवाजाचा माणूस. शेजारी त्याची बायको कॉनी, ओठ मिटून, मांडीवर पर्स धरून. तिच्या पलीकडे कॉनीची धाकटी बहीण नोरा. नोरानं लग्न केलं नव्हतं. कारखान्याच्या प्रयोगशाळेत पोलादाचे नमुने तपासत ती निवृत्त झाली होती. विल्फ आणि नोरा एकमेकांशी अगदी लागेल तेवढंच बोलत.

"माझ्या लग्नाचा किस्सा सांगतो," विल्फ म्हणाला.

"पुन्हा?" नोरा म्हणाली.

"तुला नाही सांगत. मास्तरांना सांगतोय." त्यानं हॉलकडे तोंड केलं. "सासऱ्यांनी मला काय आहेर केला असेल, ओळखा. घड्याळ? नाही. पलंग? तोही नाही. पोरीच्या तोंडातले सगळे दात काढून दिले. एकविसाव्या वाढदिवसाला. म्हणजे जावयाला जन्मभर दाताच्या डॉक्टरची कटकट नको. आजचा सासरा करतो का हो एवढं?"

हॉलमध्ये हशा पिकला. "आमच्या आईचे पण असेच काढलेले," कुणी म्हणालं. "आमच्या गल्लीत तर कवळीच्या डबीला रिबीन बांधली होती," दुसऱ्या बाई म्हणाल्या.

"आणि पहिल्या रात्री बघतो तर काय," विल्फ म्हणाला, "नवरी पलंगावर, आणि तिचं हसू टेबलावरच्या पेल्यात."

आता टेबलावरच्या बशाही वाजल्या. मिस्टर डंगवर्थांनी चष्मा काढून डोळे पुसले. "हा किस्सा पुस्तकात पहिला. अशा प्रथा आता कुठं राहिल्या."

कॉनीनं हात तोंडासमोर धरला होता. तिला ओळखणाऱ्यांना ती तिची सवय वाटे. ती सवय लग्नाआधी नव्हती.

"हे पुस्तकात जायचं नाही," नोरा म्हणाली.

"का? बापाची लाज वाटते?"

"वाटते. तुझी जास्त वाटते."

हे वैर त्या दुपारचं नव्हतं. ते एका रविवारच्या चहापासूनचं होतं.

तेव्हा कॉनी चमचे-काटे चकाकवायच्या कारखान्यात कामाला होती. अंगाला ब्राऊन पेपर गुंडाळून, डोक्याला लाल रुमाल बांधून ती फिरत्या चाकाशी दिवसभर उभी राही. संध्याकाळी घरी येई ती नखशिखांत काळी; हसली की त्या काळ्या चेहऱ्यात दात तेवढे पांढरे दिसत, आणि ती फार हसे. लग्न उन्हाळ्याच्या तोंडावर ठरलं होतं. विल्फची आई त्या रविवारी चहाला आली, पडद्यांचं कापड दोन बोटांत धरून पाहिलं, चादरी मोजल्या आणि म्हणाली, "बाकी सगळं झालंय म्हणायचं. आणि तोंडाचं?"

"माझं काही दुखत नाही," कॉनी म्हणाली.

"आज नाही दुखत गं. उद्या दुखलं की खिसा माझ्या विल्फचा हलका होणार. आमच्याकडे सुना तोंड उरकूनच येतात."

कॉनीचे वडील आल्बर्ट स्टॅनिफर्थ मानी गृहस्थ होते. मुलगी रिकाम्या हातानं धाडली असं कुणी म्हणू नये, एवढीच त्यांना काळजी. "पुढच्या शनिवारी तिचा एकविसावा वाढदिवस, तेव्हाच उरकतो," ते म्हणाले. "माझ्याकडून आहेर समजा."

"आई, तू तरी सांग ना यांना."

आईनं जिभेनं स्वतःची कवळी नीट बसवली. तिची कवळीही तिच्या लग्नाइतकीच जुनी होती. "मी मेले का? बाळंतपणात नाहीतरी पडतातच. एकदाच काय ते होऊन जाऊ दे."

विल्फ तिथंच बसला होता. त्यानं केकचा दुसरा तुकडा घेतला.

कॉनीचे दोन दात किडले होते. ते काढायला हवे होते, बाकीच्यांना काही झालेलं नव्हतं. दात गेले की ज्या हाडात ते रुतलेले असतात त्या हाडाला काम उरत नाही, आणि काम नसलेलं हाड झिजतं. म्हणून आज बसणारी कवळी काही वर्षांत सैल होते, नवी केली तर तीही होते, आणि चेहरा आत बसत जातो. त्या चहाच्या टेबलावर हे कुणाला ठाऊक नव्हतं, हे खरं. पण मुलीला विचारावं, हे कळायला कुठलं शास्त्र लागतं? विकाऊ वस्तूची डागडुजी विकणाऱ्यानं करून द्यावी, असा तो व्यवहार होता. आणि त्याला सगळे आहेर म्हणत होते.

शनिवारी खाटकाच्या दुकानावरच्या दाताच्या डॉक्टरच्या खोलीत, भुलीचा गॅस देऊन, एका बैठकीत सगळे दात काढले. वडील ट्रामनं तिला घरी घेऊन आले. तिनं तोंडावर मफलर धरला होता आणि तो भिजत होता. नोरानं दार उघडलं.

लग्नाच्या फोटोत कॉनीचे ओठ मिटलेले आहेत.

तीन वर्षांनी नोराची पाळी आली. मुलगा ठरला होता, त्याच्या घरची अटही तीच होती. त्याच खोलीत, त्याच खुर्चीवर तिला बसवलं. डॉक्टरनं, "आ कर, पोरी," म्हणत बोट आत घातलं, तेव्हा नोरानं तोंड मिटलं. तिचे दात त्याच्या बोटाच्या हाडापर्यंत गेले. ती जिन्यावरून पळत सुटली. लग्न मोडलं. वडील मरेपर्यंत तिच्याशी बोलले नाहीत, आणि गल्लीनं तिला 'कुत्री' असं नाव ठेवलं. तिनं ते ऐकून घेतलं. रात्रशाळेत जाऊन रसायनशास्त्र शिकली.

"लाज कसली आलीय त्यात?" हॉलमध्ये विल्फ म्हणत होता. "सगळे करायचे. कॉनीनं कधी तक्रार केली? विचार की तिला. चांगला संसार झाला आमचा. हिनंच कान भरलेत तिचे, स्वतःला कुणी मिळाला नाही म्हणून."

"मग विचार ना तिला," नोरा म्हणाली. "आजवर विचारलंयस कधी?"

मिस्टर डंगवर्थ अस्वस्थ झाले. "अहो, घरचं भांडण नको इथं. टेप चालू आहे. मिसेस हाउस्ली, तुमची काही हरकत नाही ना? गंमतच आहे ती."

कॉनी उठली. टेबलापाशी गेली. केकची एक रिकामी बशी तिनं पुढं ओढली, मान खाली घातली आणि आधी वरची, मग खालची कवळी काढून त्या बशीत ठेवली. मग मान वर करून सगळ्यांकडे पाहिलं.

तिचा चेहरा नाकाखाली मिटला होता. हनुवटी वर आली होती, गाल आत गेले होते. क्षणापूर्वी तिथं त्रेसष्ट वर्षांची बाई होती. आता वय सांगता येत नव्हतं.

"घाल तोंडात ते," विल्फ दबक्या आवाजात म्हणाला. "लोकं बघतायत, कॉनी."

"बघू देत. तू अर्धाच किस्सा सांगितलास." शब्द ओले आणि बोजड होऊन येत होते. दातांवाचून जे उच्चार होत नाहीत ते गळून जात होते. तरी हॉलच्या शेवटच्या खुर्चीपर्यंत कळत होतं. "माझे दोन किडले होते. दोनच. लग्नाच्या जेवणाला हॅम होता. नवी कवळी टोचत होती, मी नुसती बघत बसले. आई मला चमच्यानं दुधात कुस्करलेला पाव भरवत होती, आणि मी नवरीच्या पोशाखात. हसा की आता."

तिनं बशी विल्फच्या बाजूला सरकवली.

"सफरचंद हा रोज खातो. जेवण झालं की. मी तेव्हा मागच्या अंगणात जाते. इतकी वर्षं याला वाटतं, मी मांजराला खायला घालायला जाते." ती विल्फकडे वळली. "मला तो आवाज ऐकवत नाही, विल्फ."

विल्फ मिस्टर डंगवर्थांकडे वळला. "मास्तर, हे पुसा. तिला बरं वाटत नाहीये. पुसा ते यंत्रातून."

रिबीन बांधलेली डबी आठवणाऱ्या बाई आपल्या ओठांवर हात धरून बसल्या होत्या.

"पुसतो," मिस्टर डंगवर्थ घाईनं म्हणाले. "हे तसंही कुणी वाचणार नाही. लोकांना लहानपणीच्या चांगल्या गोष्टी हव्या असतात." त्यांचा हात यंत्राकडे गेला.

नोरा त्यांच्या आधी पोचली होती. "बटणाला हात लावला तर चावेन, मास्तर," ती शांतपणे म्हणाली. "आधी एकाला चावलेली आहे. आणि माझे अजून सगळे शाबूत आहेत."

मिस्टर डंगवर्थांनी हात मागं घेतला.

तेव्हा कॉनी हसली. तोंडासमोर हात न धरता, उघड्या हिरड्यांनी, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. टेप फिरत होती. टेपवरचा सुरुवातीचा हशा सगळ्या हॉलचा आहे. शेवटचं हसू एकट्या कॉनीचं. पुस्तक छापून आलं तेव्हा त्यात यांतलं कुठलं घेतलं होतं, हे वाचकांनी शोधायला जाऊ नये. आपल्या घरच्या लग्नाचे जुने फोटो बाहेर काढावेत, आणि त्यात कोणाचे ओठ मिटलेले आहेत ते पाहावं.