चौदावा प्रश्न

मी एक जुना टाइपरायटर आहे. ग्रंथालयातल्या काचेच्या कपाटात बसतो. पुढ्यात पितळी पाटी आहे: ‘या यंत्रावर एक अजरामर कोर्टकथा लिहिली गेली.’ मित्रांनो, पाटी खरी आहे. पण सगळं कुठे सांगते मेली!

वकीलसाहेबांनी मला घेतलं तेव्हा त्यांची वकिली नवी होती आणि माझी अक्षरं लखलखीत. अर्ज, नोटिसा, जबाब, दिवसभर टकटक चालायची. ‘र’ झिजून तिरका पडू लागला, तरी साहेब पाहुण्यांना लाडानं सांगायचे, "हा माझा अर्धा ज्युनियर." मी आपला फुशारून जायचो.

मग एका बाइंडरची केस आली. छापखान्यात पुस्तकं शिवणारा साधा माणूस. एका सकाळी तिथल्या मालकाचा चौथ्या मजल्यावर खून झाला, आणि लिफ्टवाल्यानं सांगितलं, ‘खून झाल्यावर यालाच मी लिफ्टनं खाली आणलं.’ बाइंडरच्या बायकोनं वणवण करून दुरुस्तीवाल्याची चिठ्ठी मिळवली. त्या सकाळी लिफ्ट बंदच होती! साहेब खूश झाले. लिफ्टवाल्याला विचारायचे प्रश्न त्यांनी माझ्यावर टाइप केले. शेवटचा, चौदावा प्रश्न होता: ‘त्या सकाळी लिफ्ट चालू होती का?’

साहेबांची एक पद्धत होती. साक्षीदार गडबडला की तिथेच थांबायचं, जिंकलेल्या डावात जादा पत्ता टाकायचा नाही. लिफ्टवाला तेराव्या प्रश्नालाच ततपप करायला लागला. साहेब ऐटीत खाली बसले. चौदावा प्रश्न कागदावरच राहिला, चिठ्ठी फायलीत राहिली. न्यायाधीशांना वाटलं, बिचारा साक्षीदार कोर्टाला घाबरला असेल. बाइंडरला जन्मठेप झाली. हे सगळं साहेबांच्या कारकुनानं कोर्टातून आल्यावर माझ्यासमोर मान खाली घालून सांगितलं.

साहेबांनी वकिली सोडली आणि कादंबरी लिहायला घेतली. तिच्यातला वकील ताठ उभा राहून चौदावा प्रश्न विचारतो, लिफ्टवाला कोसळतो, बाइंडर सुटतो. मी जीव तोडून टकटकत होतो. मला वाटलं, साहेब मनातलं ओझं उतरवतायत. कसलं काय! लोकांनी पुस्तक डोक्यावर घेतलं आणि साहेबही हवेत गेले.

एके दुपारी बाइंडरची बायको आली. नवरा तुरुंगात गेल्यापासून ती छापलेल्या कागदांना घड्या घालायचं काम करत होती. त्या घड्या घालता घालताच तिनं कादंबरी वाचली होती.

"साहेब, इथे विचारलात तो प्रश्न. तिथे का नाही विचारलात?"

"अहो, ती गोष्ट आहे. कल्पना असते ती."

"आणि चिठ्ठी? मी तुमच्या हातात दिली होती ना? मला भांडायचं नाही, साहेब. तेवढी चिठ्ठी द्या आणि विचारायचं राहून गेलं एवढं लिहून द्या. केस पुन्हा उघडेल म्हणतात. सुटतील हो ते."

साहेबांनी माझ्यावर कागद चढवला. ‘मी प्रतिज्ञेवर सांगतो की’ एवढं लिहिलं आणि हात थांबले. "दोन दिवसांनी या, वहिनी," ते म्हणाले. तिची पाठ वळताच कागद ओढून त्यांनी चुरगळला. फायलीतली चिठ्ठी काढून फाडली. मग नवा कागद घातला आणि दुसऱ्या आवृत्तीसाठी लिहिलं: ‘या कादंबरीतील सर्व प्रसंग काल्पनिक आहेत.’

एरवी माझी रिबन दहादा अडकायची. त्या दिवशी मात्र मी लोण्यासारखा चाललो. त्याची मला अजून लाज वाटते.

ती बिचारी चार-पाच वेळा येऊन गेली. दर वेळी कारकून म्हणायचा, "साहेब बाहेरगावी आहेत."

साहेब मानसन्मान घेऊन देवाघरी गेले. मी इथे आलो. रिबन वाळली, कळांवर गंज चढला, मला कुणी थेंबभर तेलसुद्धा घालत नाही.

बाइंडर सुटला, पण सगळी शिक्षा भोगून, म्हातारा होऊन. तोवर बायको राहिली नव्हती. आता तो दर महिन्याला या ग्रंथालयात फाटकी पुस्तकं शिवायला येतो आणि माझ्या समोरच्याच टेबलावर बसतो. सगळ्यात जास्त फाटते ती साहेबांची कादंबरी. परवा ग्रंथपालबाई त्याला कौतुकानं म्हणाल्या, "काका, ही एकदा वाचाच. शेवट काय सुंदर आहे!"

काका सुईत दोरा ओवत होते. "माहीत आहे," ते म्हणाले. "बायकोनं भेटीला येऊन सांगितला होता. त्यात तो सुटतो." आणि त्यांनी पहिला टाका घातला.

मित्रांनो, मला तेल नाही घातलंत तरी चालेल. पण ते पुस्तक जपून वाचा. पानं दुमडू नका, ओढू नका. फाटलं की ते काकांनाच शिवावं लागतं.