पुठ्ठ्याच्या डब्यातला माणूस

टिटवीला ताप भरला आणि तिचं शाळेचं काम आईच्या गळ्यात पडलं. फिरवला की आतली चित्रं हलू लागतात, असा डबा उद्या न्यायचा होता. आठवडाभर लाँड्रीत इस्त्री करून आईच्या पायांचे तुकडे पडले होते. रविवारी दुपारी जरा पाठ टेकावी म्हटलं, तर हे त्रांगडं.

तिनं पुठ्ठा गोल वळवून चिकटवला, आतून-बाहेरून काळा केला, वरच्या भागात सारख्या अंतरावर उभ्या फटी कापल्या आणि डबा खिळ्यावर फिरता बसवला. कागदाच्या लांब पट्टीवर चालणारा माणूस काढला; प्रत्येक चित्रात पाय जरासा पुढे. पट्टी आत लावून तिनं डबा गरकन फिरवला, फटींतून पाहिलं आणि कपाळाला हात लावला. मग डबा नवऱ्यापुढे धरला.

"हा चालतोय कुठं? बेडकासारखा उड्या मारतोय," तो पडल्या पडल्या म्हणाला.

नवरा रंगारी. परांचीवरून पडून पाय मोडला होता. हाड केव्हाच सांधलं, डॉक्टर रोज चालायला सांगत. पण स्वारी भिंतीकडे तोंड करून पडून असायची. सांगून सांगून तिच्या जिभेला फोड आले होते. आता ती विषयच काढत नसे.

"मग तुम्हीच सांगा, माणूस चालतो कसा?"

"त्यात काय सांगायचं! आधी टाच टेकते... थांब. मागचा गुडघा तेव्हा वाकलेला असतो का गं?"

"मला काय विचारता? मी दिवसभर एका जागी उभी असते."

त्यानं उठून बसत पाय हवेत हलवून पाहिला. जमेना. मग टेबलाची कड धरून तो उभा राहिला. तिनं नुसती पेन्सिल उचलली. एक शब्द बोलले तर हा परत आडवा होईल, अशी भीती.

"तसेच थांबा," ती हळूच म्हणाली.

"आटप लवकर!" उचललेला पाय थरथरत होता, मानेवरून घाम निथळत होता. तो टेबलापासून दारापर्यंत गेला, एकेका पावलाला थांबत. ती खोडत होती, काढत होती. परत येऊन तो धपकन खाटेवर बसला.

संध्याकाळी टिटवीनं डबा फिरवून पाहिला.

"आई, हा लंगडतोय! बाई हसतील."

आईच्या अंगात पट्टी पुन्हा काढण्याचं त्राण नव्हतं. "दिसलं तसं काढलं गं," ती म्हणाली.

नवऱ्यानं डबा मांडीवर घेतला आणि बराच वेळ बोटानं फिरवत राहिला.

"उद्या चालाल का थोडं?" तिनं विचारलं.

"बघू."

हे 'बघू' तिनं ढिगानं ऐकलं होतं. वाद घालायलाही दम हवा. ती खाली वाकून पुठ्ठ्याचे तुकडे गोळा करू लागली.