पदर घेतलेला घ

काळ्या मातीचा तो ध वर्गाच्या खिडकीत वाळत होता. शेपटीशी त्याला बारीक तडा गेला होता आणि जसोदाच्या बोटाचा ठसा पोटात स्पष्ट उमटला होता… इतकं जोरात दाबायचं कशाला, सरलाबाईंच्या मनात आलं. आणि लगेच हेही, की दाबू दे. डोळ्यांना जे सापडत नाही ते बोटाला सापडेल, एवढ्याच भरवशावर तर हा उद्योग चालला होता — नदीच्या वाळूत गिरवलेली, ओल्या मातीत वळलेली अक्षरं, पोरांनी चालवलेली थट्टा.

दुसरीतलं जसोदाचं हे तिसरं वर्ष. फळ्यावर 'घर' लिहावं तर ती 'धर' वाचायची. वर्ग हसायचा. मात्र गोष्ट एकदा ऐकली की जशीच्या तशी सांगायची, तोंडी हिशेबात चौथीच्या मुलांना मागे टाकायची. चुनीलाल गुरुजी मुख्याध्यापक. माणूस वाईट नव्हता. "बाई, जिल्हा परिषदेचे साहेब निकाल विचारतात," म्हणायचे, "माती विचारत नाहीत."

लोटनच्या वेळी कोणी मातीही आणली नव्हती. सरलाबाईंचा धाकटा भाऊ, मान खाली घालून पाटीपुढे बसलेला, आणि वडिलांचा, दादांचा, आवाज चढत चाललेला — पुन्हा वाच, पुन्हा… तिसरीत त्याची शाळा सुटली. अजून शहाद्याच्या स्टँडवर तो शेजारच्याला विचारतो, गाडी कुठली, चष्मा घरी राहिला. चष्मा त्याला कधी नव्हताच. मला ते माहीत आहे, आणि मला माहीत आहे हे त्याला माहीत आहे. आम्ही दोघं गाडीची वाट पाहत उभे राहतो.

दुपारी शांतीबाई, जसोदाची आई, दारात येऊन उभी राहिली. पदराला कापसाचे तंतू चिकटलेले.

"इले वावरमा लई जास, बाई. कापूस फुटना, येचाले हात कमी पडतस. गुरुजी सांगतस यंदाबी नापासच व्हई. मंग कसाले बसाडू शाळामा?"

"डोकं चांगलं आहे हो तिचं."

"डोकं शे, ते माले दिखास. पन अक्षर?"

सरलाबाई उठल्या. त्यांनी फळ्यावर घ आणि ध शेजारी शेजारी लिहिले आणि जसोदाला हाक मारली. आता, आईसमोर, चुकली तर… तरी त्यांनी खडू तिच्या हातात दिला.

जसोदा बराच वेळ बघत राहिली. रोजच्यासारखं हवेत बोट फिरवलं नाही. मग घ वर खडू टेकवून म्हणाली, "हाईनी डोकावर पदर लिधा शे, बाई. हाऊ घ." आणि ध कडे वळून, "हाईनं डोकं उघडं. केसनी बट दिखी ऱ्हायनी."

मग न सांगताच तिने खाली म काढला, भ काढला. एकीला पदर, एकीची बट बाहेर.

शांतीबाईने नकळत स्वतःचा पदर सारखा केला. पोरगी हसली, तीही हसली.

"होळीपर्यंत माझ्याकडे ठेवा," सरलाबाई म्हणाल्या. "कापूस वेचायला सकाळी नेत जा. दुपारी मला द्या. साहेबांशी मी बोलेन."

"तिन्हा बापले इचारस," शांतीबाई म्हणाली. ना हो, ना नाही. आणि मुलीचा हात धरून वावराकडे निघाली.

शाळा सुटली. सरलाबाई फळ्यापुढे उभ्या राहिल्या. इतकी वर्षं ही अक्षरं लिहिली, एकदाही त्यांच्याकडे पाहिलं नव्हतं. ही युक्ती मी शिकवली नव्हती… वाळूतही नाही, मातीतही नाही. आणि इतके महिने त्या पोरीच्या जागी मी लोटनलाच बसवत होते का — त्याचं राहिलेलं तिच्याकडून पुरं करून घेत? आज प्रथमच तिथे फक्त जसोदा बसली होती, तिच्या स्वतःच्या डोळ्यांनिशी.

बाप हो म्हणेल की नाही, कोण जाणे. नाही म्हणाला तर वावरात जाईन. कापूस वेचतानाही बोलता येतं. त्यांनी फळा पुसला आणि कोऱ्या जागी व काढला, शेजारी ब. या दोघींत काय वेगळं दिसेल तिला? सरलाबाईंना काहीच सुचेना. शिकवायला लागल्यापासून उत्तर ठाऊक नसलेला प्रश्न त्यांनी कधी फळ्यावर ठेवला नव्हता. आणि तो तसाच ठेवून दाराला कडी घालताना मन विलक्षण हलकं होतं.